जुन्या चित्रफितींवरील चरे आणि नको असलेल्या वायरी कशा काढाव्यात?



लेस्टरमधल्या आपल्या बऱ्याच घरांच्या लॉफ्टमध्ये जुनी रिळे आणि कॅसेट पडून आहेत. कुणाकडे आईवडिलांनी सुपर एट कॅमेऱ्यावर घेतलेले गावाकडचे लग्न आहे, कुणाकडे व्हीएचएसवरचा गणेशोत्सव, तर कुणाकडे मिनी डीव्हीवर घेतलेले हौशी नाटक. हे सगळे संगणकावर आणले की पहिला प्रश्न येतो तो म्हणजे "या रेघोट्या काढता येतील का? आणि रंगमंचावर लोंबणारी माइकची वायर?" दोन्ही काढता येतात. मात्र कसे काढायचे आणि काय काढायचे नाही, हे आधी ठरवावे लागते. संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा काही जणांना अशा चित्रफिती साफ करताना जे उपयोगी पडले, ते खाली क्रमाने देत आहोत.

१. चरा आणि वायर यांतला फरक

चरा फिल्मवर असतो, वायर दृश्यात असते. चरा कॅमेऱ्यासमोर कधीच नव्हता, तो नंतर प्रोजेक्टरमधून रीळ फिरताना पडला. फिल्म वरून खाली सरकते म्हणून चरे बहुधा उभे असतात आणि एकाच जागी अनेक फ्रेम टिकतात. धुळीचा कण मात्र साधारण एकाच फ्रेममध्ये दिसतो आणि नाहीसा होतो. व्हीएचएसवर याउलट आडव्या, तुटक पांढऱ्या रेषा येतात, कारण तिथे टेपवरचा चुंबकीय थर झिजलेला असतो. वायर मात्र चित्रीकरणाच्या वेळी खरोखरच तिथे होती. हा फरक शेवटी पुन्हा कामाला येणार आहे.

२. सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी

जुने रीळ जुन्या प्रोजेक्टरवर लावून पाहण्याचा मोह टाळावा. आक्रसलेली फिल्म तुटते किंवा तिच्यावर नवे चरे पडतात. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला, तर फिल्मचा अॅसिटेटचा पाया कुजू लागला आहे असे समजावे. ही क्रिया थांबत नाही, थंड आणि कोरड्या जागी फक्त मंदावते. अशा रिळाचे स्कॅनिंग आधी करून घ्यावे.

भिंतीवरचे चित्र कॅमेऱ्याने टिपण्यापेक्षा फ्रेमगणिक स्कॅनिंग केव्हाही चांगले. सुपर एट बहुधा सेकंदाला १८ फ्रेम या वेगाने चालते आणि इथला व्हिडिओ २५ फ्रेमचा असतो. त्यामुळे भिंतीवरून टिपलेले चित्र लुकलुकते. चरा फिल्मच्या पायावर असेल, म्हणजे चमकदार बाजूला, तर द्रवात बुडवून स्कॅन करण्याच्या पद्धतीने तो जवळजवळ नाहीसा होतो. द्रव त्या खाचेत भरतो आणि प्रकाश वाकत नाही. चित्राच्या थरावरचा चरा असा जात नाही, कारण तिथले चित्रच खरवडून गेलेले असते.

३. धूळ आणि चरे

सॉफ्टवेअर हरवलेले चित्र शोधून काढत नाही, ते उसने आणते. उसने आणायच्या जागा दोनच: शेजारचा भाग किंवा मागची-पुढची फ्रेम.

धुळीसाठी मागची-पुढची फ्रेम उत्तम, कारण तिथे तो कण नसतो. दाविंची रिझॉल्व्हच्या विकत मिळणाऱ्या स्टुडिओ आवृत्तीत 'ऑटोमॅटिक डर्ट रिमूव्हल' आणि 'डस्ट बस्टर' ही साधने याच तत्त्वावर चालतात.

उभ्या चऱ्याला ही युक्ती चालत नाही, कारण मागच्या फ्रेमलाही तो तिथेच असतो. तिथे डाव्या-उजव्या बाजूचे चित्र ओढून घ्यावे लागते. विंडोजवर मोफत मिळणाऱ्या एव्हिसिंथचे 'डीस्क्रॅच' हे प्लगइन खास उभ्या चऱ्यांसाठीच आहे.

हाताने किती काम करायचे याचा हिशेब आधी करावा. सुपर एटच्या ५० फुटी रिळात सुमारे ३,६०० फ्रेम असतात, म्हणजे जेमतेम ३ मिनिटे २० सेकंदांची फिल्म. एका फ्रेमला एक मिनिट धरले तरी ६० तास झाले! म्हणून हाताचे काम चेहऱ्यांवरून जाणाऱ्या चऱ्यांपुरते ठेवावे.

४. वायरी

'टर्मिनेटर २' या १९९१ च्या चित्रपटात मोटरसायकल कालव्यात उडी घेते. ती ज्या तारांना बांधली होती, त्या नंतर संगणकावर पुसल्या होत्या. तेव्हा मोठ्या स्टुडिओलाच परवडणारे हे काम आज घरच्या संगणकावर होते.

• सरळ, ताणलेली वायर: अॅडोबी आफ्टर इफेक्ट्समधील 'सीसी सिंपल वायर रिमूव्हल' वापरावे. वायरीच्या दोन टोकांवर दोन बिंदू ठेवून जाडी द्यायची. कॅमेरा हलत असेल तर बिंदूही त्याबरोबर हलवावे लागतात.

• वाकडी, लोंबती वायर: रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही 'फ्यूजन' विभाग आहे. त्यातील 'पेंट'मध्ये 'वायर' नावाची पद्धत आहे, ती रेषेच्या दोन्ही बाजूंचे चित्र आत ओढून घेते. तेवढ्याने भागले नाही तर 'क्लोन' वापरावे.

• नाटकाचे चित्रीकरण: कॅमेरा तिपाईवर स्थिर असेल तर एकाच फ्रेममध्ये वायर नीट पुसावी आणि तेवढा तुकडा पूर्ण शॉटवर बसवावा. प्रकाशयोजना बदलली की तुकडा नवा करावा. नट वायरीच्या मागून जातो तेवढ्या फ्रेम मात्र एकेक करून कराव्या लागतात.

• आफ्टर इफेक्ट्समध्ये २०१९ पासून 'कंटेंट-अवेअर फिल' आहे. ते साध्या पार्श्वभूमीवर छान चालते, गर्दीत चुकीचे चित्र भरते.

मिनी डीव्ही आणि व्हीएचएसचे चित्रण इंटरलेस्ड असते. प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या एकाआड एक ओळी असतात. त्यामुळे आधी डीइंटरलेस केलेली प्रत काढून मगच पुसायला घ्यावे, नाहीतर कंगव्यासारखे दाते दिसतात.

५. काय पुसू नये

हा भाग सर्वांत महत्त्वाचा. आपोआप सफाई करणाऱ्या साधनांना धूळ आणि अक्षता यांतला फरक कळत नाही! एकाच फ्रेममध्ये चमकून जाणारा बारीक ठिपका त्यांच्या दृष्टीने कचरा असतो. लग्नाच्या फिल्मवर जोर वाढवला तर मंगलाष्टकांनंतर पडणाऱ्या अक्षता हवेतच नाहीशा होतात. फुलबाजीच्या ठिणग्या, गुलाल आणि लेस्टरचा भुरभुरणारा बर्फ यांचीही तीच गत. चरे काढणारी साधने समईची दांडी किंवा साडीचा उभा काठ चरा समजून पुसट करतात. म्हणून जोर कमी ठेवावा आणि असे शॉट वगळावेत.

वायरींबाबतही घाई नको. बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीत रस्त्यावर आडव्या बांधलेल्या रोषणाईच्या वायरी दिवसाच्या चित्रणात विद्रूप दिसतात खऱ्या, पण दिवाळी जवळ आल्याची खूण त्याच आहेत. त्याच रस्त्यालगतचा बेलग्रेव्ह फ्लायओव्हर कुणालाही फोटोत नकोसा वाटे. २०१४ मध्ये तो पाडला आणि आता तो जुन्या चित्रणातच उरला आहे. चरा पुसल्याने जे होते ते परत दिसते. वायर पुसल्याने जे नव्हते ते दिसू लागते. नाटकाच्या माइकची वायर खुशाल काढावी, पण घर, रस्ता आणि माणसे यांच्याबाबत दोनदा विचार करावा.

६. मूळ प्रत जपा

स्कॅन केलेली मूळ फाइल, चऱ्यांसकट, कधीही बदलू नये. सगळी दुरुस्ती प्रतीवर करावी आणि काय काढले याची दोन ओळींची नोंद सोबत ठेवावी. फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असाव्यात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठारांना आग लागली आणि जुन्या भारतीय चित्रपटांची कितीतरी रिळे गेली. आपली घरगुती रिळे नायट्रेटची नसतात, पण एकच प्रत एकाच जागी ठेवण्याचा धोका तोच आहे.

रिळात शहराचे सार्वजनिक चित्रण असेल, जसे मिरवणूक, बाजार किंवा शाळा, तर 'मीडिया आर्काइव्ह फॉर सेंट्रल इंग्लंड'ला विचारून पाहावे. मिडलंड्सच्या चित्रफिती जपणारी ही संस्था पूर्वी लेस्टर विद्यापीठात होती, आता लिंकन येथे आहे. मूळ रीळही फेकू नये, कारण उद्याचे स्कॅनर आजच्यापेक्षा चांगले असतील.

आणि साफसफाईच्या आधी एक काम अवश्य करा. रीळ जसे आहे तसेच घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा, आणि कोण कुठे उभे आहे ते लिहून घ्या. चरे पुढच्या वर्षीही काढता येतील. ही नावे सांगणारे माणूस मात्र आज समोर आहे.