भंगास्वनाची निवड आणि भीष्माचे दोन निर्णय

महाभारताच्या अनुशासनपर्वांत भंगास्वन राजाचें एक लहानसें उपाख्यान आहे. संस्कृत शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. परंतु हें उपाख्यान मीं वर्गांत कधींही घेतलें नाहीं. एकदां एका विद्यार्थ्यानें तें घरीं भाषांतरांत वाचून 'राजा पुन्हां पुरुष कां झाला नाहीं?' असें विचारलें, तेव्हां 'हें परीक्षेला नाहीं' एवढें सांगून मीं विषय टाळला. प्रश्न योग्य होता व टाळणें अयोग्य होतें. त्याचा विचार उशिरां कां होईना, येथें करीत आहें.

कथाभाग असा. निपुत्रिक भंगास्वनानें इंद्राला अप्रिय असलेला अग्निष्टुत यज्ञ केला व त्यास शंभर पुत्र झाले. इंद्रानें डूख धरला. पुढें मृगयेच्या वेळीं राजास दिशाभूल झाली. तहानेनें व्याकुळ होऊन तो एका सरोवरापाशीं आला, घोड्यास पाणी पाजून त्यानें तो झाडास बांधला, स्नान केलें, आणि तो स्त्री झाला. (मराठींत क्रियापदाचें लिंग निवडल्यावांचून वाक्य पुरें होत नाहीं, यापुढें मीं स्त्रीलिंग योजितों.) तिची पहिली चिंता अगदीं व्यवहारांतली आहे: आतां घोड्यावर कशी बसूं, नगरांत कशी जाऊं, पुत्रांस व राण्यांस काय सांगूं? तरीही ती नगरांत गेली, घडलें तें तिनें उघड सांगितलें, राज्य पुत्रांस दिलें व वनांत गेली. तेथें एका तापसापासून तिला आणखी शंभर पुत्र झाले. त्यांस घेऊन ती पहिल्या पुत्रांकडे आली. 'तुम्ही माझ्या पुरुषपणाचे, हे माझ्या स्त्रीपणाचे. राज्य एकत्र भोगा,' असें तिचें सांगणें होतें, व तें दोन्हीं पक्षांनीं मानलें. इंद्रास तें साहवलें नाहीं. ब्राह्मणाच्या वेषानें येऊन त्यानें भेद पाडला आणि दोनशें भाऊ परस्परांत लढून मेले.

शोक करणाऱ्या त्या मातेची इंद्रास अखेर दया आली. कोणते पुत्र जिवंत करूं, असें त्यानें विचारलें. तिनें स्त्रीपणीं झालेले मागितले, कारण त्यांच्या ठायीं तिचा स्नेह अधिक होता. प्रसन्न होऊन त्यानें सर्वच उठविले. आणि मग दुसरा प्रश्न केला, पुरुषत्व हवें कीं स्त्रीत्व? तिनें स्त्रीत्व मागितलें.

कारण विचारतां ती स्त्रीस समागमांत अधिक सुख असतें असें सांगते. एवढ्यावरून कित्येक वाचक ही कथा विनोदी समजून बाजूस सारतात. परंतु युधिष्ठिराचा मूळ प्रश्नच समागमसुखाविषयीं असल्यामुळें कथेस तें उत्तर देणें भागच होतें. चौकट काढली तरी आंतला प्रसंग उरतो. रूपांतर झालें तें सूडापोटीं, तिच्या इच्छेविरुद्ध; त्या रूपांत राहणें मात्र तिच्या इच्छेचें. परतीची वाट उघडी होती आणि तिनें दोन्हीं आयुष्यें जगून पाहिलीं होतीं. माझ्या मतें कथेचें बळ येथें आहे.

धम्मपदाच्या अट्ठकथेंतील सोरेय्याची कथा हिच्या जवळची आहे. तोही पिता व माता दोन्हीं होतो आणि उदरांतल्या पुत्रांवर आपली माया अधिक असल्याचें सांगतो. मात्र तो पुन्हां पुरुष होऊन भिक्षू होतो.

आतां भीष्माकडे वळूं. भंगास्वनाची कथा सांगणारा तोच. आणि उद्योगपर्वांत दुर्योधनास शिखंडीचा वृत्तांत सांगणाराही तोच. द्रुपदानें कन्या पुत्र म्हणून वाढविली, दशार्णाधिपति हिरण्यवर्म्याची मुलगी तिला दिली, सत्य उघड होऊन युद्धाचा प्रसंग आला, तेव्हां वनांत स्थूणाकर्ण यक्षानें आपलें पुरुषत्व तिला दिलें. हिरण्यवर्म्यानें खात्री करण्यासाठीं स्त्रिया पाठविल्या व शिखंडी पुरुष असल्याचें मान्य केलें. सासरा समाधान पावला, पण भीष्म पावला नाहीं. जो पूर्वीं स्त्री होता त्यावर मी बाण टाकणार नाहीं, हा त्याचा निर्धार. शिखंडीचें आजचें रूप त्याच्या लेखीं गौण आणि जन्माचें रूप प्रमाण. या निर्धारापायींच तो दहाव्या दिवशीं पडला. भंगास्वनाची कथा तो सांगतो ती त्यानंतर, शरशय्येवरून. एका लिंगांतून दुसऱ्यांत गेलेली व्यक्ति आपल्या निवडीस चिकटते आणि देवांचा राजा 'तथास्तु' म्हणतो, हें सांगतांना त्यास शिखंडी आठवला कीं नाहीं, याविषयीं ग्रंथकार मौन आहे. दोन्हीं पर्वांचे थर निरनिराळ्या काळचे, असें कोणी म्हणेल. तें खरें असेलही. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें उद्योगपर्वाची चिकित्सक आवृत्ति १९४० सालीं व अनुशासनपर्वाची १९६६ सालीं काढली. दोन्हीं उपाख्यानें त्यांच्या मूळ संहितेंत आहेत.

कथांहून मला अधिक मोलाचा वाटतो तो विनयपिटकांतील एक नियम. एका भिक्षूच्या ठायीं स्त्रीलिंग प्रकट झालें. काय करावें, असा प्रश्न आला. उत्तर असें कीं, तोच उपाध्याय, तीच उपसंपदा व तींच वर्षें कायम ठेवून तिनें भिक्षुणींत राहावें. दोन्हीं संघांना समान असलेल्या दोषांचें निराकरण भिक्षुणींपुढें व्हावें. केवळ भिक्षूंस लागू असलेले दोष तिला उरत नाहींत. भिक्षुणीच्या बाबतींतही उलट दिशेनें हेंच. ज्येष्ठता वर्षांवरून ठरणाऱ्या संघांत 'तींच वर्षें' या शब्दांचें वजन मोठें आहे: शरीर पालटलें तरी माणसाची सेवा बुडत नाहीं. अर्थात् याच विनयांत पण्डकास प्रव्रज्या नाकारलेली आहे, हेंही सांगितलें पाहिजे.

इंग्रजी अमदानींतला १८७१ चा सत्ताविसावा कायदा याच्या अगदीं उलट टोकास होता. त्याच्या दुसऱ्या भागानें हिजड्यांची नोंदवही उघडली. नोंदलेल्या इसमानें स्त्रीवेषांत रस्त्यावर दिसणें हा गुन्हा, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. आणि त्यास मृत्युपत्र, दानपत्र वा दत्तक करण्याचा अधिकार नाहीं. कोण काय, हें ठरविण्यास वैद्यकीय तपासणी. हिरण्यवर्म्यानें पाठविलेल्या स्त्रिया येथें वैद्याच्या रूपानें पुन्हां भेटतात.

१५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आपलें लिंग कोणतें हें ठरविण्याचा हक्क ज्याचा त्यास दिला आणि त्यासाठीं शस्त्रक्रियेची अट घालणें बेकायदेशीर ठरविलें. निकालपत्रांत 'तृतीया प्रकृति' या प्राचीन संज्ञेचा आधार घेतला आहे. ती संज्ञा कामसूत्रांत व अमरकोशांत आहे खरी. पण भंगास्वन तिच्यांत बसत नाहीं. ती तिसऱ्या वर्गांत गेली नाहीं, दोहोंपैकीं एक तिनें मागून घेतला. स्त्री म्हणून वा पुरुष म्हणून ओळखलें जावें, असें म्हणणाऱ्यांच्या बाजूचा दाखला हवा असेल तर तो कोशांत न शोधतां अनुशासनपर्वाच्या बाराव्या अध्यायांत पाहावा.