'युद्ध आणि शांती' : नाराज वाचकांचा इतिहास

मागच्या वेळी आपण रशियातल्या १८६१च्या भूदास-मुक्तीपर्यंत येऊन थांबलो होतो. आज त्याच दशकातल्या एका पुस्तकाकडे वळू. टॉलस्टॉयची 'युद्ध आणि शांती'. आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी ती असते, आणि वाचनाची खूण पहिल्या शे-दीडशे पानांतच अडकलेली असते. हे कबूल करताना आपल्याला ओशाळल्यासारखं होतं. पण या पुस्तकाचे पहिले वाचक मुळीच ओशाळत नव्हते. ते उघडपणे कुरकुरत होते, चिडत होते. त्यांच्या तक्रारी नीट ऐकल्या तर त्या काळच्या रशियाबद्दल बरंच काही कळतं.

आधी पुस्तक हातात आलं कसं ते पाहू. १८६५ साली 'रुस्की वेस्तनिक' या मासिकात '१८०५' या नावाने पहिला भाग छापून आला. पुस्तकरूपाने सहा खंड आले ते १८६८-६९ मध्ये. म्हणजे काही वर्षं ही कादंबरी तुकड्यातुकड्याने येत राहिली. आणि पहिलं पान उघडावं तर पीटर्सबर्गच्या दिवाणखान्यातलं फ्रेंच संभाषण! रशियन पुस्तकात एवढं फ्रेंच कशाला, ही तक्रार लगेच सुरू झाली. गंमत म्हणजे टॉलस्टॉयने पुढे ती ऐकलीही. १८७३च्या आवृत्तीत त्याने फ्रेंचच्या जागी रशियन घातलं, इतिहासावरचं चिंतन उचलून परिशिष्टात ठेवलं आणि सहाचे चार खंड केले. १८८६च्या आवृत्तीत मात्र फ्रेंच पुन्हा आपल्या जागी आलं.

आता तक्रारदार कोण होते? एका बाजूला तरुण, जहाल मंडळी. भूदास-मुक्ती होऊन जेमतेम सात वर्षं झाली होती. जमिनीचं काय, शेतकऱ्याचं काय, हे प्रश्न धगधगत होते. आणि हा काउंट सरदारांच्या मेजवान्या, शिकारी आणि लग्नं रंगवत बसला होता! पिसारेवने १८६८ मध्ये या कादंबरीवर लेख लिहिला, त्याचं शीर्षकच होतं 'जुनी सरदारशाही'. शेल्गुनोव्हने १८७० मध्ये हिच्यात साचलेपणाचं तत्त्वज्ञान पाहिलं. इतिहास थोर माणसं घडवत नाहीत, असं टॉलस्टॉय सांगत होता. जग बदलायला निघालेल्या पिढीला हे कसं पटणार?

दुसऱ्या बाजूला म्हातारे होते. त्यांचं दुखणं निराळं होतं. टॉलस्टॉयचा जन्म १८२८चा, म्हणजे नेपोलियनच्या स्वारीनंतर सोळा वर्षांनी. त्याने ते युद्ध पाहिलेलं नव्हतं. ज्यांनी पाहिलं होतं ते अजून हयात होते. कवी व्याझेम्स्की बोरोदिनोच्या रणांगणावर होता. नोरोव, जो पुढे शिक्षणमंत्री झाला, त्याने तिथे विशी गाठायच्या आतच पाय गमावला होता. या दोघांनी पुस्तकाविरुद्ध लेखणी उचलली. सम्राट अलेक्झांडर सज्जातून गर्दीवर बिस्किटं फेकतो, हा प्रसंग व्याझेम्स्कीला सहन झाला नाही. सेनापती कुतूझोव्ह मोहिमेत फ्रेंच कादंबरी वाचतो, हे नोरोवला पटलं नाही. अशा फालतू गोष्टींना तेव्हा वेळ कुणाला होता, असं त्याचं म्हणणं. आपण याला म्हाताऱ्यांचा हट्ट म्हणून सोडून देऊ नये. पाय देऊन कमावलेली आठवण आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या कल्पनेखाली जाताना त्यांना दिसत होती. पुढच्या पिढ्या १८१२ म्हटल्यावर काय आठवणार? आपण जगलो ते, की या काउंटने लिहिलं ते?

टॉलस्टॉयने १८६८ मध्ये 'रुस्की आर्खिव'मध्ये खुलासा लिहिला. इतिहासकार घटनेचा परिणाम बघतो, कलावंत घटना घडत असतानाचा माणूस बघतो, असा त्याचा साधारण सूर होता. या मुद्द्यावर सैनिकांपैकीच एक जण त्याच्या बाजूने उभा राहिला, द्रागोमिरोव्ह. युद्धाच्या सिद्धान्तांबाबत त्याने टॉलस्टॉयला फैलावर घेतलं, पण लढाईची वर्णनं मात्र अधिकाऱ्यांनी वाचावीत अशी आहेत, असं त्याचं मत पडलं.

आणि नोरोव? तो १८६९ मध्ये वारला. नंतर त्याच्या ग्रंथसंग्रहात एक फ्रेंच कादंबरी सापडली. तिच्यावर त्याच्याच हातची नोंद होती : १८१२च्या सप्टेंबरात, मॉस्कोत, जखमी आणि कैदेत असताना वाचली. तो खोटं बोलत होता असं आपण म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या आठवणीत त्या छोट्या पुस्तकाला जागाच उरली नव्हती, इतकंच.

मोठमोठे लेखकही या पुस्तकापुढे दुभंगले. तुर्गेनेव्हला आधी ते कंटाळवाणं वाटलं, इतिहासाचा भाग तर बाहुल्यांचा खेळ वाटला. तरी त्यानेच फ्रेंच अनुवाद मित्रांपर्यंत पोचवला. १८८० मध्ये फ्लोबेरने त्याला कळवलं की पहिले दोन खंड अप्रतिम, तिसरा मात्र घसरतो, लेखक तेच तेच बोलतो आणि तत्त्वज्ञान सांगत सुटतो. म्हणजे आपण जिथे अडखळतो तिथे फ्लोबेरही अडखळला होता!

शेवटी एकच गोष्ट सांगतो. १९४१ ते ४४, लेनिनग्राडला जर्मन वेढा. माणसं भुकेने मरत होती. लिदिया गिंझबर्ग स्वतः त्या वेढ्यात होती. तिने लिहून ठेवलंय की ज्यांच्यात वाचण्याइतकं त्राण होतं ते 'युद्ध आणि शांती' वाचत होते. टॉलस्टॉय बरोबर आहे का, हे त्यांना तपासायचं नव्हतं. आपण बरोबर वागतोय का, हे ते त्या पुस्तकावरून तपासत होते.

म्हाताऱ्या नोरोवची भीती अशी खरी ठरली. साक्षीदारांचं १८१२ मागे पडलं आणि टॉलस्टॉयचं उरलं. पण ते नेमकं कुणाच्या उपयोगी पडलं, हेही आपण लक्षात ठेवू. घरातली ती खूण पुन्हा पुढे सरकवावीशी वाटली तर सरकवा. नाही वाटली, तरी ओशाळू नका.