सेरिफ अक्षरांची नजाकत आणि बारीक रेघेचे पथ्य

लग्नपत्रिकेवर वधू-वरांची नावे इंग्रजीतही छापायची असतात. संगणकाच्या पडद्यावर जाड उभे दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या केसासारख्या रेघा मोठ्या देखण्या दिसतात, घरातील सर्वांची पसंती मिळते आणि मजकूर छपाईला जातो. खडबडीत हातकागदावर, सोनेरी शाईत पत्रिका छापून आली की ‘एच’मधली आडवी रेघ नाहीशी झालेली असते आणि ‘एन’चा केवळ तिरपा पट्टा उरलेला असतो. अशा वेळी दोष छापखान्याला दिला जातो. प्रत्यक्षात तो बहुधा अक्षरवळणाच्या निवडीत असतो.

रोमन अक्षरांच्या दांड्यांना टोकाशी जे छोटे आडवे पाय असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. रोममधील ट्राजनच्या स्तंभाच्या पायथ्याशी इ. स. 113च्या सुमारास कोरलेल्या शिलालेखात त्यांचे अतिशय प्रमाणबद्ध रूप पाहायला मिळते. तथापि एखादे सेरिफ वळण नाजूक वाटते ते केवळ या पायांमुळे नव्हे. जाड आणि बारीक रेघांमधील फरक, अक्षरांच्या पोटातील मोकळी जागा आणि वळणांचा डौल यांचा तो एकत्रित परिणाम असतो. त्यातही बारीक रेघ सर्वांत महत्त्वाची, कारण सौंदर्य तिच्यात आहे आणि धोकाही तिच्यातच.

सोळाव्या शतकात पॅरिसमध्ये क्लोद गारामों याने घडविलेल्या अक्षरांत हा फरक सौम्य आहे. लेखणीने लिहिल्याचा भास त्यांत टिकून राहतो, म्हणूनच कादंबरीसारख्या सलग मजकुराला हे वळण आजही शोभते. गंमत अशी, की विसाव्या शतकाच्या आरंभी ‘गॅरामंड’ या नावाने बाजारात आलेली कित्येक वळणे मुळात झां झानों या नंतरच्या कारागिराच्या अक्षरांवरून बेतलेली होती. बिएट्रिस वॉर्ड या अभ्यासिकेने 1926 साली, पुरुषाचे टोपणनाव घेऊन, हे उघडकीस आणले. त्यामुळे नाव एकच असले तरी दोन गॅरामंड एकमेकांसारखे दिसतीलच असे नाही.

अठराव्या शतकात बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने रेघा आणखी बारीक केल्या. 1757 साली त्याने छापलेल्या व्हर्जिलच्या काव्यग्रंथासाठी अक्षरांबरोबरच कागद, शाई आणि छपाईची रीत यांवरही त्याने मेहनत घेतली होती. गुळगुळीत, तापवून दाबलेल्या कागदाशिवाय ती अक्षरे तशी उमटलीच नसती. त्याच्या अक्षरांनी वाचकांचे डोळे जातील अशी टीका झाली, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिनने एका टीकाकाराची फिरकी घेतली. विल्यम कॅस्लनच्या अक्षरांच्या नमुन्यावरील नाव फाडून तो बास्करव्हिलचा म्हणून त्याने पुढे ठेवला. टीकाकार त्यातही तेच दोष दाखवीत राहिला! फ्रँकलिनने 1760च्या सुमारास बास्करव्हिलला लिहिलेल्या पत्रात ही हकीकत आहे. अक्षरांविषयीची मते पुष्कळदा ऐकीव असतात ती अशी.

पॅरिसमधील दिदो घराणे आणि पार्माचा जांबातिस्ता बोदोनी यांनी हा प्रवास टोकाला नेला. त्यांच्या अक्षरांत उभे दांडे भरदार, आडव्या रेघा अगदी तलम आणि सेरिफ म्हणजे जणू धारदार पात्याची कड. फॅशनच्या मासिकांना हे वळण भावले; ‘व्होग’चे शीर्षक त्याच घराण्यातले आहे. पत्रिका, अत्तराच्या बाटल्या, दागिन्यांच्या जाहिराती यांवर जे ‘एलिगंट’ म्हणून निवडले जाते, ते बहुतेक वेळा या दोघांचेच वारस असते.

येथेच एक जुनी गोष्ट विसरली जाते. शिशाच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचे अक्षर वेगळे कोरले जाई. लहान आकारात रेघ तुलनेने जाड आणि अक्षरे थोडी रुंद ठेवली जात, तर मोठ्या आकारात रेघ बारीक होई. संगणकावर मात्र एकच आरेखन हवे तेवढे मोठे किंवा लहान करता येते आणि मथळ्यासाठी काढलेली रेघ नऊ पॉइंटमध्ये दिसेनाशी होते. ही अडचण ओळखूनच जोनाथन हेफ्लरने 1991 साली ‘हार्पर्स बझार’ मासिकासाठी केलेला दिदो सात वेगवेगळ्या आकारांसाठी स्वतंत्रपणे रेखाटला. 1994च्या आयटीसी बोदोनीच्या 6, 12 आणि 72 पॉइंटांसाठी तीन निराळ्या आवृत्त्या आहेत. म्हणून फॉन्टच्या नावापुढे ‘डिस्प्ले’, ‘टेक्स्ट’, ‘कॅप्शन’ असे शब्द असतील, तर ते शोभेचे नाहीत. ‘प्लेफेअर डिस्प्ले’ मथळ्याला खुलतो, पण पानभर मजकुराला जड होतो. गॅरामंडवरून स्फुरलेला ‘कॉर्मोरंट’ मोठ्या आकारातच मोहक दिसतो. सलग वाचनासाठी त्याच परंपरेतला ‘ईबी गॅरामंड’ अधिक भरवशाचा. हे तिन्ही विनामूल्य मिळतात.

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे छापताना शाई कडेने पसरून बारीक रेघा बुजवते. चार रंगांच्या मिश्रणातून छापलेले लहान अक्षर किंचितही सरकले तर धूसर होते, म्हणून ते एकाच शाईत छापणे चांगले. तिरपी अक्षरे हवी असल्यास फॉन्टचे खरे ‘इटॅलिक’ घ्यावे. संगणकाने वाकवलेली अक्षरे सेरिफमध्ये विशेष बेढब दिसतात. सगळा मजकूर मोठ्या लिपीत असेल तर अक्षरांत थोडे अंतर सोडावे.

मराठी मजकूर सोबत असेल तर प्रश्न जरा नाजूक होतो. देवनागरीला रोमन अर्थाने सेरिफ नाहीत. तिच्यातील जाड-बारीकपणा बोरूच्या तिरक्या कापातून आला आहे आणि त्या जाडीचा कल रोमन लेखणीच्या उलट दिशेला असतो. त्यामुळे सेरिफ इंग्रजीशेजारी सर्वत्र एकाच जाडीच्या रेघेची देवनागरी ठेवली, की दोन्ही मजकूर परके वाटतात. ‘टिरो देवनागरी मराठी’मध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत, शिवाय जुळती रोमन अक्षरेही आहेत. बोदोनीच्या थाटाचा मथळा हवा असेल तर ‘रोझा वन’मध्ये दोन्ही लिप्या तेवढ्याच ठसठशीत आहेत; मजकुरासाठी मात्र तो वापरू नये. वेलांट्या, रफार आणि उकारांना जागा लागत असल्याने देवनागरीच्या ओळींत इंग्रजीपेक्षा अधिक अंतर ठेवावे लागते.

विकतच्या फॉन्टचा परवाना छपाई, संकेतस्थळ आणि बोधचिन्ह यांसाठी वेगवेगळा असू शकतो, तो आधी वाचावा. नंतर निवडलेल्या कागदावर, निवडलेल्या शाईत आणि नेमक्या आकारात एक प्रत काढून ती संध्याकाळी दिव्याच्या उजेडात घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावी. ते चष्मा शोधायला उठले, तर आकार एक-दोन पॉइंटांनी वाढवावा किंवा त्याच वळणाची ‘टेक्स्ट’ आवृत्ती घ्यावी.