गौरीपूजनाची रात्र

2 सप्टेंबर 2019, दुपारी सव्वा वाजता. आमच्या धाटाव गावात गणपतीची आरती होऊन पानं मांडली जात होती, तेव्हा तिकडे चंद्राभोवती फिरणाऱ्या चांद्रयान-2 पासून विक्रम लँडर सुटा झाला. इस्रोने चतुर्थीचा मुहूर्त साधला, असं आमच्या आळीत कौतुकानं बोललं गेलं. मुहूर्त खरं तर कक्षेच्या गणितानं काढलेला.

6 सप्टेंबर, रात्री 11. एमआयडीसीतली तिसरी पाळी कामावर गेली. घरोघरी गौरीचं जागरण, फुगड्या, गाणी. विक्रम त्या रात्री चंद्रावर उतरणार, म्हणून आमच्याकडे कोपऱ्यात टीव्ही चालू, आवाज बंद.

रात्री 1. अष्टमीचा चंद्र मावळलेला. पोरं अंगणात जाऊन हात हलवत परत आली.

1:38. उंची 30 किलोमीटर, वेग सेकंदाला सुमारे 1,680 मीटर. विक्रमची इंजिनं उलट्या दिशेनं पेटली. आता टीव्हीचा आवाज वाढवला.

1:48. उंची 7.4 किलोमीटर, वेग 146 मीटरवर. इथवर सगळं बेतल्याप्रमाणे. पुढचे 38 सेकंद विक्रमनं स्थिर राहून खालच्या जमिनीचे फोटो घ्यायचे आणि आपण नेमके कुठे आहोत ते ओळखायचं. हे फोटो हौसेचे नव्हेत. उतरवायला आत माणूस नाही, तेव्हा कॅमेरा हेच डोळे. हात हलला की फोटो गेला, हे लग्नातला फोटोग्राफरही सांगेल. पण पाचही इंजिनं अपेक्षेपेक्षा थोडा जास्त जोर देत होती. यान फोटोसाठी स्थिर होतं, त्यामुळे ही चूक लगेच सुधारता आली नाही, ती साचत गेली. नंतर झटकन वळायचं, तर वळण्याचा वेग सॉफ्टवेअरनंच बांधून ठेवलेला. त्यात उतरायची जागा अवघी 500 मीटर बाय 500 मीटर. ती गाठायला यान वेग वाढवू लागलं, तेही जमीन जवळ आलेली असताना. हे सारं 2023 मध्ये इस्रोचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी उलगडून सांगितलं. त्या रात्री आम्हाला दिसला तो फक्त पडद्यावरचा हिरवा ठिपका, आखलेल्या रेघेपासून सरकलेला.

1:53. याच सुमाराला पाय टेकायचे होते. ठिपका थांबला. बंगळुरूच्या कक्षात कोणी टाळी वाजवेना. फुगडी अर्ध्यावर सुटली.

2:18. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष के. सिवन म्हणाले, 2.1 किलोमीटरपर्यंत सारं ठीक होतं, मग संपर्क तुटला.

पहाटे 5:30. याच सुमारास 27 किलोचा प्रज्ञान रोव्हर विक्रमच्या पोटातून उतरणार होता. पण नंतर कळलं, ठरलेल्या जागेपासून 500 मीटरच्या आतच विक्रम आदळला होता. नासाच्या यानानं वरून काढलेल्या फोटोंत चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यम यांना त्याचा एक तुकडा सापडला, तो डिसेंबरमध्ये जाहीर झाला.

आईनं समईत तेल घातलं. गौरी-गणपतीला दुपारनंतर विसर्जनाला कुंडलिका नदीवर न्यायचं होतं, आणि तिसऱ्या पाळीची माणसं अजून घरी यायची होती.