रोजच्या उन्हाची एक ओळ



मे महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि बोलणं उन्हावर आलं. एक ताई म्हणाल्या, "यंदासारखं ऊन कधीच नव्हतं." दुसऱ्या म्हणाल्या, "काहीतरीच! माझी थोरली झाली त्या साली याहून जास्त होतं." अर्धा तास वाद चालला, पण निकाल लागला नाही. बचतीचा रुपयान् रुपया आपण लिहून ठेवतो. उन्हाची नोंद मात्र आमच्यापैकी एकीकडेही नव्हती. म्हणून आज उन्हाच्या नोंदीचा इतिहास सांगते. तो तापमापकापासून सुरू होतो आणि बायकांच्या विणकामापर्यंत येतो.

आपण बातम्यांत ४२ अंश, ४४ अंश ऐकतो. ते सेल्सिअस हे स्वीडनमधल्या एका शास्त्रज्ञाचं आडनाव. अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ साली पाणी गोठणं आणि उकळणं यांच्यामध्ये शंभर भाग पाडले. गंमत म्हणजे त्यांच्या मापात उकळतं पाणी शून्यावर होतं आणि बर्फ शंभरावर. पुढे ते उलटं करून आजचं माप आलं. १७८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जेम्स सिक्स यांनी असा तापमापक केला, की दिवसभरातलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान त्याच्यावर खूण होऊन राहायचं. माणसाला सारखं बघत बसायची गरज उरली नाही.

पण तापमापक ठेवायचा कुठे? उन्हात ठेवला तर काचच तापते, भिंतीला टांगला तर भिंतीची धग लागते. १८६० नंतरच्या काळात थॉमस स्टीव्हन्सन यांनी पांढऱ्या रंगाची, झडपांची लाकडी पेटी काढली. आत वारा खेळतो, ऊन जात नाही. हवामान केंद्रांवर दिसते ती हीच पेटी. हे ध्यानात ठेवा, की बातम्यांतला आकडा सावलीतल्या हवेचा असतो. तुम्ही कापसाच्या रानात वाकून निंदता, तेव्हा अंगाला लागणारी धग त्याहून जास्त असते.

आपल्या देशात या नोंदी नीट का सुरू झाल्या, तेही ऐका. १८६४ साली कलकत्त्याला मोठं चक्रीवादळ आलं. त्यानंतर १८६६ आणि १८७१ ला पावसानं दगा दिला. वादळ आणि दुष्काळ, दोन्हींचे घाव बसल्यावर १८७५ साली भारतीय हवामान खातं स्थापन झालं. त्याचं मुख्य कार्यालय शिमल्याहून १९२८ साली पुण्याला आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, तरी पुण्यातली ती इमारत अजून 'शिमला ऑफिस' म्हणूनच ओळखली जाते.

त्याच पुण्याच्या कार्यालयात १९४८ साली अ‍ॅना मणी नावाच्या केरळच्या बाई रुजू झाल्या. तेव्हा हवामानाची साधी उपकरणंसुद्धा परदेशातून यायची. मणीबाईंनी ती इथेच बनावीत म्हणून शंभराच्या आसपास उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करून घेतले. मोजमाप चुकीचं असण्यापेक्षा नसलेलं बरं, असा त्यांचा कटाक्ष होता. हवामान खात्याच्या उपमहासंचालक होऊन १९७६ साली त्या निवृत्त झाल्या. उन्हाच्या आकड्यांमागे अशी एक बाई उभी आहे.

आता विणकामाकडे येऊ. थंड मुलखात बायका दोन सुयांवर किंवा क्रोशाने लोकरीची पांघरुणं विणतात. त्यांच्यातल्या काहींनी एक रीत धरली. आधी रंग ठरवायचे, थंड दिवसाला निळा, मग हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. रोज त्या दिवशीचं तापमान बघायचं आणि त्या रंगाची एक ओळ विणायची. आज एक, उद्या एक. वर्षाच्या शेवटी ३६५ ओळींचं पांघरूण होतं आणि सारं वर्ष अंथरुणावर पसरलेलं दिसतं.

शास्त्रज्ञ बायकांनी हीच गोष्ट मोठ्या काळासाठी केली. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातल्या समुद्र-अभ्यासक जोन शेल्डन यांनी २०१५ साली एक स्कार्फ विणला. त्यात एक ओळ म्हणजे साऱ्या पृथ्वीचं एक वर्ष. इंग्लंडमध्ये हवामानशास्त्रज्ञ एली हायवूड यांनी २०१७ साली तसंच पांघरूण क्रोशाने केलं. त्यांचे सहकारी एड हॉकिन्स यांनी २०१८ साली निळ्या-लाल पट्ट्यांचं चित्र केलं, ते जगभर पोचलं. एका टोकाला निळा, दुसऱ्या टोकाला गडद लाल. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ते कळतं.

त्याच २०१७ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या काही विणकरांना वेगळी काळजी पडली होती. सरकार बदललं, आता तापमानाच्या जुन्या नोंदी नाहीशा झाल्या तर? त्यांनी 'टेम्पेस्ट्री' नावाचं काम सुरू केलं. एक पट्टी म्हणजे एका गावाचं एक वर्ष, आणि रंग सगळ्यांना सारखे. त्यामुळे एका गावाची पट्टी दुसऱ्या गावाच्या पट्टीशेजारी ठेवून बघता येते. नोंद घराघरांत वाटली गेली, की ती सहजासहजी पुसता येत नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्याला या नोंदीचं काय? एक उदाहरण देते. अहमदाबादची 'सेवा' ही कष्टकरी बायकांची संघटना इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली उभी केली. या संघटनेने २०२३ पासून आपल्या सभासदांसाठी उन्हाचा विमा सुरू केला. २०२४ साली गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्र मिळून सुमारे ५०,००० बायका त्यात होत्या. यात घरोघरी नुकसानीची पाहणी होत नाही. तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं, की खात्यात पैसे येतात. म्हणजे उन्हामुळे बुडालेली मजुरी त्या बाईला मिळणार की नाही, हे तापमानाचा आकडा ठरवतो. मग तो आकडा कुठे मोजला जातो, हे आपल्याला माहीत नको का? आपल्या राज्यात 'महावेध'ची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळांत बसवलेली आहेत. तुमच्या मंडळाचं केंद्र कुठे आहे, हे सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा.

आणि विणकामाचं म्हणाल, तर आपल्या मुलखात लोकरीचं पांघरूण कोण घेणार! पण गोधडी आहे ना. आजीच्या गोधडीत कुठलं ठिगळ कुणाच्या लुगड्याचं, कुठलं कुणाच्या बारशाच्या झबल्याचं, हे ती बोट ठेवून सांगायची. तीही नोंदच. आमच्या गटाने ठरवलंय, की बैठकीच्या खोलीत सावलीला तापमापक टांगायचा, रोज दुपारचा आकडा एकीने वहीत लिहायचा आणि आठवड्याला एक ठिगळ जोडायचं. ३० अंशांच्या आत हिरवं, ३५ पर्यंत पिवळं, ४० पर्यंत नारिंगी, त्याच्या वर लाल. वर्षाची ५२ ठिगळं होतील. अशा गोधडीवर कुणी विमा देणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण पुढच्या मे महिन्यात बैठकीत वाद निघाला, की आम्ही आधी वही उघडू आणि गोधडी पसरू.

वही आपल्याकडे आहेच. फक्त एक रकाना वाढवायचा आहे.