चिटावरील निळी पाने

जुन्या घरांतील ट्रंकेत चिटाचे पोलके किंवा चिटाची गोधडी हमखास सापडे. ‘चीट’ या शब्दाकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. हिंदीतील ‘छींट’ आणि इंग्रजीतील ‘चिंट्झ’ ही त्याचीच भावंडे होत. सतराव्या शतकात गोवळकोंडा राज्याच्या मछलीपट्टण बंदरातून हे फुलांचे कापड इराण आणि युरोपपर्यंत पोहोचले.

या फुलांचे मर्म असे, की त्यांचा लाल रंग कलमाने भरलेलाच नसे. कापड प्रथम हिरडा व म्हशीचे दूध यांत भिजवून वाळवीत. दुधातील स्निग्धांशामुळे रेघ पसरत नसे. लोखंड व गूळ आंबवून केलेल्या पाण्याने रेघ काढली, की हिरड्याच्या संयोगाने ती काळी होई. पाकळ्यांवर तुरटीचे पाणी देत. मग तेलुगूत ‘चिरुवेरू’ म्हणतात त्या मुळीच्या काढ्यात कापड उकळले, की जेथे तुरटी तेथेच लाली धरे. तुरटी सौम्य असेल तेथे गुलाबी छटा उमटे. पाकळ्यांतील पांढऱ्या शिरा मेणाच्या बारीक रेघांनी राखीत. निळीत बुडविण्यापूर्वी बाकीचा भागही मेणाने झाकीत. हिरव्या पानांसाठी निळ्यावर पिवळा रंग चढवीत. अखेरीस तांदळाची खळ देऊन कापड शंखाने घोटीत. तीच त्याची तुकतुकी.

हे कापड युरोपात इतके खपू लागले, की तेथील विणकर धास्तावले. फ्रान्सने १६८६ साली त्यावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनेही १७०१ व १७२१ मध्ये निर्बंध लादले. दरम्यान, १७४२ साली फादर कर्दू या फ्रेंच जेझुइटाने ही सारी कृती पत्राने मायदेशी कळविली. ती त्याला ख्रिस्ती झालेल्या रंगाऱ्यांनी सांगितली होती. लिहिणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. सांगणारे अनामिक झाले. पुढे १८६९ मध्ये कृत्रिम अलिझारीन निघाले आणि रंगमुळ्यांची शेतीही ओसरली.

मछलीपट्टणजवळच्या पेडना गावात ठशांची कलमकारी आजही चालते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी चिटे जपलेली आहेत. त्यांतील अनेक पाने आज निळी दिसतात, कारण वरचा कच्चा पिवळा रंग उडून गेला आहे. तुरटीने बांधलेली लाली मात्र तीनशे वर्षांनंतरही तशीच आहे. रंगाऱ्यांची नावे गेली. त्यांची विद्या त्या लालीत शिल्लक आहे.