मोटारीतला न विझणारा दिवा



विरार स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की जीवदानीचा डोंगर समोर दिसतो. त्याच बाजूला, पापडखिंड धरणाकडे, फुलपाडा आहे. नावात पाडा असला तरी आज तिथे इमारती दाटीने उभ्या आहेत, आणि इमारतींखाली मोटारी. त्यांतल्या कितीतरी दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या. चार पैसे गाठीला जमले, की घरच्या माणसांना घेऊन गावी जाता यावे म्हणून माणूस दहा-पंधरा वर्षांची जुनी सेडान घेतो. किल्ली फिरवली की समोर एक दिवा लागतो. बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे एक गोल, असे त्याचे चित्र. हा दिवा काही सेकंदांत विझायला हवा. पण तो विझत नाही. मालक म्हणतो, “गाडी चालतेय ना? मग झालं!” आज या दिव्याचा इतिहास आपण पाहू.

आपल्याकडची जुनी कुटुंबाची मोटार म्हणजे फिएट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फिएट व पद्मिनी बाहेर पडल्या. त्या गाडीतले दिवे फार तर तेलाचा दाब आणि बॅटरीचे चार्जिंग एवढेच सांगत. म्हणजे ते यंत्राची काळजी करीत. माणसाची काळजी करणारा दिवा आला तो हवेच्या उशीबरोबर, म्हणजे एअरबॅगबरोबर.

ही कल्पना निघाली कशी, ते ऐका. १९५२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जॉन हेट्रिक नावाचा एक इंजिनिअर बायको आणि लहान मुलीसह मोटारीने चालला होता. वाटेत अडथळा आला. त्याने गाडी वळवून ब्रेक दाबला, आणि त्याच क्षणी नवराबायको दोघांचेही हात आपोआप मुलीच्या पुढे आडवे झाले. घरी परतताना त्याच्या मनात एकच विचार: आईबापांच्या हाताचे हे काम एखाद्या वस्तूला करता येणार नाही का? १८ ऑगस्ट १९५३ रोजी त्याला आपल्या ‘सुरक्षा उशी’चे पेटंट मिळाले. जर्मनीत वाल्टर लिंडरर यानेही त्याच सुमारास अशीच कल्पना मांडली होती.

पण कल्पना सुचली म्हणून वस्तू तयार होत नाही. धडक झाल्यावर उशी फुगायला वेळ असतो तो सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या दोन-तीन पट. आपली पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. दाबून भरलेली हवा तेवढ्या वेळात पुरी पडेना. मग रसायनाची मदत घेतली. धक्का ओळखणारे यंत्र विजेची ठिणगी देते, धातूच्या डबीतल्या गोळ्या पेटतात, त्यांचा वायू होतो आणि उशी फुगते. सत्तरीच्या दशकात अमेरिकेतल्या काही मोटारींत ही उशी आली. १९९८ च्या मॉडेलपासून तिथल्या नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही जागांना ती सक्तीची झाली. आपल्या देशात नव्या मोटारीत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून. शेजारच्या जागेसाठीची सक्ती नव्या मॉडेलांना २०२१ च्या एप्रिलपासून आली.

आता त्या दिव्याकडे येऊ. उशीचे यंत्र वर्षानुवर्षे मुकाट पडून असते. ते जागे आहे की नाही, हे कळायचे कसे? म्हणून किल्ली फिरवताच ते आपली वायरिंग तपासते. सगळे ठीक असले तर दिवा लागून विझतो. विझला नाही, तर कुठेतरी दोष आहे आणि धडकेच्या वेळी उशी कदाचित उघडणार नाही. जुन्या गाडीत हा दोष बहुधा ठरावीक जागी असतो. स्टिअरिंगच्या आतली, चाकाबरोबर वळणारी पट्टीसारखी केबल झिजते. सीटखालचे पिवळे जोड सीट पुढेमागे करताना ढिले होतात. उंदीर वायर कुरतडतात. बॅटरी उतरते. आणि आपल्या भागात पाणी आहेच! २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या, हे तुम्हाला आठवत असेल. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून वाळते. सीटखालचे जोड मात्र आतून गंजत राहतात.

यात एक लबाडीही चालते. गाडी विकण्यापूर्वी कोणी तो दिवाच काढून टाकतो. तेव्हा जुनी गाडी पाहायला गेलात, तर किल्ली फिरवल्यावर दिवा लागतो का, हे आधी पाहा. न विझणारा दिवा वाईट. पण मुळीच न लागणारा दिवा त्याहून वाईट. तापाचा रोगी निदान कण्हतो तरी!

पण मंडळी, या दिव्यालाही न दिसणारा एक दोष आहे. दिवा वायर तपासतो, डबीतल्या गोळ्या तपासत नाही. जपानच्या ताकाता कंपनीने आपल्या डब्यांत अमोनियम नायट्रेट वापरले. खताचे पोते पावसाळ्यात ओल धरून दगड होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तेच हे रसायन. दमट हवा आणि रोजचे तापणे-निवणे वर्षानुवर्षे सोसून त्या गोळ्या खराब होतात. मग त्या पेटतात त्या वाजवीपेक्षा झपाट्याने. धातूची डबी फुटते आणि तिचे तुकडे समोरच्या माणसाच्या अंगात घुसतात. ज्या उशीने वाचवायचे, तीच घात करते. २०१४ च्या जुलैत मलेशियात २००३ सालच्या होंडा सिटी मोटारीत एका गरोदर महिलेचा असाच मृत्यू झाला. गाडी आपल्याकडच्यासारखीच कुटुंबाची सेडान, आणि हवाही आपल्या किनाऱ्यासारखी उष्ण-दमट. जगभर अशा कोट्यवधी डब्या परत मागवल्या गेल्या आणि २०१७ साली ताकाता कंपनीचे दिवाळे निघाले. आपल्या देशातही २०१६ च्या जुलैत होंडा कंपनीने जुन्या सिटीसह सुमारे १ लाख ९० हजार मोटारी डबी फुकट बदलून देण्यासाठी परत बोलावल्या.

इथेच खरी मेख आहे. बोलावण्याचे पत्र जाते ते कंपनीच्या वहीत नाव असलेल्या मालकाला. गाडी तोवर तिसऱ्या हाती फुलपाड्यात आलेली असते. सदोष गाड्या सक्तीने परत मागवण्याचा कायदा २०१९ च्या दुरुस्तीने आला आणि १ एप्रिल २०२१ पासून अमलात आला खरा. पण त्याचे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरते आहेत. जुन्या गाडीच्या मालकाला स्वतःच जागे राहायला हवे. आर.सी. पुस्तकावरचा चासी नंबर घेऊन त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर जा आणि विचारा, “या गाडीला परत बोलावले आहे का? डबी बदलली आहे का?” एवढ्या प्रश्नाला पैसे पडत नाहीत. मात्र तो पिवळा जोड घरी उघडू नका. तिथे दारूकाम आहे, हे विसरू नका.

आणि एक गोष्ट. हवेची उशी ही पट्ट्याची सोबतीण आहे, सवत नव्हे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली. मोटार भारी, उशा असलेली. पुढे बसलेले दोघे जबर जखमी होऊन वाचले. मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. लहान मुलांना तर पुढे बसवूच नये. फुगणाऱ्या उशीचा तडाखा त्यांना सोसत नाही, हे अमेरिकेत नव्वदीच्या दशकात पोरे दगावल्यावर कळले.

गुरुजनांना एक विनंती. उद्या वर्गात मुलांना सांगा: घरची किंवा शेजारची मोटार सुरू होताना तो दिवा लागतो का आणि विझतो का, एवढे पाहून या. हेट्रिकच्या मुलीसाठी आईबापांचे हात आडवे झाले होते. आता आपल्या आईबापांसाठी मुलांनी दोन डोळे उघडे ठेवले, तर त्या इतिहासाचे चीज होईल.